धाकट्याचा फुगा

“तुम्हाला सख्खा भाऊ आहे का?” डॉक्टर गंधालींनी विचारलं.

“नाही,” सहदेव धुरी म्हणाले.

मालनने नवऱ्याकडे पाहिलं. स्वारी खुर्चीत ताठ बसली होती. नजर समोरच्या कॅलेंडरवर आणि चेहरा असा, की कोर्टात शपथेवर साक्ष चालू आहे. मागे उभ्या असलेल्या सुशांतने घाईघाईने मोबाइलमध्ये डोकं घातलं. आईबाप समोरासमोर आले की आपल्या मुलाला हटकून कुणाचा तरी मेसेज येतो, हे मालनला कधीचं ठाऊक होतं.

“आहे,” ती म्हणाली. “धाकटा. नंदकुमार. बोरिवलीला असतात. आम्ही कांदिवलीला, ते बोरिवलीला.”

“म्हणजे तसा आहे,” सहदेव डॉक्टरांना समजावत म्हणाले, “पण नाही.”

डॉक्टर गंधालींचं पेन कागदावर टेकायचं थांबलं. बाई वयाने सुशांतएवढीच असेल. अंधेरीच्या या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं हीच करते, आणि हात हलका आहे, एवढं सुनेने, श्रुतिकाने, आधीच शोधून ठेवलं होतं. खरं तर सहदेवांची तक्रार लघवीची. त्यासाठी सोनोग्राफी केली, तर मशीनवरचा माणूस बेंबीच्या वरच घुटमळत राहिला. मग त्याने साहेबांना बोलावलं, साहेबांनी आणखी एका साहेबांना. लघवीचं राहिलं बाजूला. हृदयाकडून पोटात उतरणारी जी मोठी धमनी, ती एका जागी फुगली होती.

“सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो ना, तसं समजा,” डॉक्टरांनी मघाशीच सांगितलं होतं. “साडेपाच सेंटीमीटरच्या वर गेला की आम्ही थांबत नाही. तुमचा पाच पॉइंट सात आहे. फुटला, तर हॉस्पिटलात पोचायलाही वेळ मिळत नाही. आत्ता केलं तर धोका फार कमी.”

आता त्या म्हणाल्या, “काका, भाऊ तसा असो नाहीतर कसाही. हा आजार घराण्यात असू शकतो. भावाची सोनोग्राफी करायलाच हवी. बरं, वडील कशाने गेले?”

“फणसाने,” सहदेव म्हणाले.

“फणस डोक्यात पडला?”

“नाही, खाल्ला.”

मग मालनलाच सांगावं लागलं. सासरे चांगले धट्टेकट्टे होते. गावी मे महिन्यात दुपारी कापा फणस मनसोक्त खाल्ला, आणि संध्याकाळी पाठीतून पोटात अशी कळ आली की माणूस अंगणातच बसला. अंगाला घाम, तोंड पांढरंफटक. कुणीतरी ओवा आणायला आत धावलं, तो येईपर्यंत सगळं आटपलेलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून फणसाचं नाव टाकलं. धुऱ्यांच्या परसात दोन फणसाची झाडं, दरसाल लगडतात, आणि घरातलं कुणी गराही तोंडात घालत नाही. सगळे फणस वाडीत वाटतात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आता खात्रीने सांगता यायचं नाही,” त्या म्हणाल्या, “पण फणस खाऊन माणूस असा जात नाही, मावशी. माझा अंदाज विचाराल, तर त्यांचाही फुगाच फुटला असणार.”

सहदेवांनी कॅलेंडरवरून नजर काढली आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

सुशांतने मोबाइलमधून डोकं वर काढलं. “म्हणजे आम्ही जन्मभर फणस खाल्ला नाही, तो उगाच?”

“सुशांत!” मालन म्हणाली.

ऑपरेशनचे दोन प्रकार होते. एकात जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवायचं. दुसऱ्यात पोट उघडून फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवायची. सहदेवांच्या धमनीची ठेवण चांगली, त्यामुळे त्यांचं पहिल्यात भागणार होतं. पण कापड म्हटल्यावर सहदेवांचे कान टवकारले. संपापर्यंत त्यांची जवानी लालबागच्या गिरणीत साच्यावर गेली होती.

“कसलं कापड?”

“पॉलिस्टर.”

“सुती नाही?”

“सुती आत टिकणार नाही, काका.”

“आमच्या गिरणीचं टिकलं असतं,” सहदेव म्हणाले आणि विषय आपल्यापुरता मिटवला.

पुढच्या बुधवारची तारीख ठरली. तोवर ओझं उचलायचं नाही, भांडायचं नाही, बीपी चढू द्यायचं नाही.

“आणि बिडी?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोडली.”

“कधी?”

“आज सकाळी,” मालन म्हणाली. “खाली तुमच्या पार्किंगमध्ये.”

*

दोन भावांचं कशावरून बिनसलं, हे सगळ्या चारकोपला ठाऊक होतं, कारण ते सगळ्या चारकोपसमोरच बिनसलं होतं. सहदेव भजनी बुवा. पेटीवर ते आणि पखवाजावर नंदकुमार, अशी ही जोडी मुंबईत आणि गावात दोन्हीकडे नावाजलेली. अकरा वर्षांपूर्वी चारकोपच्या मैदानात डबलबारी, म्हणजे दोन बुवांची भजनाची चढाओढ, ठरली. समोर भांडुपचे बुवा. बारी सुरू व्हायच्या आधी चहा पिताना, चारचौघांत, सहदेव भावाला म्हणाले, “नंद्या, हल्ली तुझा हात जड झालाय. लय धावते. आज सांभाळ.”

नंदकुमारांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. पखवाज उचलला, आणि स्टेज ओलांडून भांडुपच्या बुवांच्या शेजारी जाऊन मांडी घातली. त्यांचा पखवाजवाला नेमका तापाने आडवा होता. त्या दिवशी नंदकुमार असे वाजले, की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. सहदेवांच्या मागे ऐनवेळी एक कॉलेजकुमार बसवला होता. बुवा गजरात शिरले तेव्हा तो अजून मुखड्यातच होता. लोक हसले. बास. तेव्हापासून एक भाऊ गावच्या गणपतीला पहिल्या दिवशी जातो, दुसरा गौरीला. लग्नात एक पहिल्या पंगतीला, दुसरा शेवटच्या.

बायकांनी मात्र या भांडणात भाग घेतला नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मालन आणि नंदकुमारांची इंदुमती दर आठवड्याला बोरिवलीच्या मासळी बाजारात भेटत होत्या. एकीने सोलं आणायची, दुसरीने लोणचं. कोलंबी घ्यायची, उसाचा रस प्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. “मालनसारखं लिंबाचं लोणचं कुणाला जमत नाही” असं सहदेव पाहुण्यांना गेली कित्येक वर्षं सांगत आले होते. मालनने आयुष्यात कधी लिंबाचं लोणचं घातलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं, ते कुजबुजत झालं. एरवी धुरी नुसते बोलले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. पण आता बीपीची भानगड होती. श्रुतिकाने सासऱ्यांच्या दंडाला यंत्राचा पट्टाच बांधून ठेवला होता.

“नंद्याला कळवायचं नाही,” सहदेव हलक्या आवाजात म्हणाले. “त्याला वाटेल, मी मरायला टेकलो म्हणून पाय धरायला आलो.”

“बाबा, आकडा वर गेला,” श्रुतिका म्हणाली.

“अवो, डॉक्टरीण काय म्हणाली ऐकलात मां?” मालनही कुजबुजली. चिडली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. “भावाक दाखवूक होया म्हणान सांगल्यान.”

“माका भाव नाय.”

“आणखी वर गेला,” श्रुतिका म्हणाली.

“आई, राहू दे ना सध्या,” सुशांत म्हणाला. “बाबांचं होऊन जाऊ दे. मग बघू काकांचं.”

“आणि तोवर काकांचा फुटला तर?” श्रुतिकाने विचारलं.

“तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?”

“मी? सोनोग्राफीच्या,” श्रुतिका म्हणाली आणि पट्ट्यात पुन्हा हवा भरली.

मालनने त्या क्षणी सुनेबद्दलची बरीचशी जुनी मतं मनातल्या मनात बदलली. “मी उद्या देवळात जातंय,” ती जाहीरपणे म्हणाली. “श्रुतिका, तू चल सोबत.”

“कुठल्या देवळात?” सहदेवांनी संशयाने विचारलं.

“नवसाच्या,” मालन म्हणाली.

*

नंदकुमार पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावत बसले होते. दारात वहिनीला पाहून त्यांचा कणकेचा हात तसाच हवेत राहिला.

“वैनी? तू इलंस?” आणि लगेच चेहरा बदलला. “दादान पाठवल्यान?”

“कुणी नाय पाठवला. मी आपणहून इलंय.”

इंदुमतीने आतून येऊन “अगंबाई, मालनताई! किती वर्षांनी!” असं म्हटलं. ते इतकं खणखणीत म्हटलं की परवाच मासळी बाजारात भेटलेल्या मालनलाही क्षणभर खरं वाटलं.

मालनने सगळं सांगितलं. धमनी, फुगा, सासऱ्यांचा फणस, घराण्यातला धोका. श्रुतिकाने मोबाइलवर चित्रं दाखवली. नंदकुमारांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी समाधानाने मान हलवली.

“आलं लक्षात,” ते म्हणाले. “दादाला पखवाजवाला मिळत नाहीये.”

“काय?”

“मे महिन्यात गावात बारी आहे. समोरच्या बुवांकडून मी वाजवतोय. सगळीकडे बोर्ड लागलेत. तेव्हाच्या त्या कॉलेजकुमाराला घेऊन दादा पुन्हा आपटणार. म्हणून हे फुग्याचं काढलंय. भाऊ आजारी म्हटलं की मी धावत येणार. मला काही झालेलं नाही, वैनी. बघ.” आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. थाप चांगली वाजली. कणकेचा ठसा बनियनवर उमटला.

प्रांजल, त्यांची मुलगी, ऑफिसला निघता निघता दारात थांबली होती. “पप्पा, एक सोनोग्राफी करायला काय जातंय? आपल्या कोपऱ्यावरच आहे सेंटर.”

“माझं पोट मी कुणाला दाखवणार नाही. विषय संपला.”

इंदुमतीने मालनला स्वयंपाकघरात ओढलं. ओट्याशी दोघी डोकं जुळवून उभ्या राहिल्या.

“बायो, हा ऐकायचा नाही,” इंदुमती म्हणाली. “महिनाभर पाठ धरलीय म्हणतोय. मला म्हणतो, मांडी घालून बसतो ना, म्हणून. आणि ताई, हल्ली ह्याच्या पोटावर हात ठेवला की आत काहीतरी उडतं गं. मला वाटलं, गॅस असेल.”

बाजारात ऐकलं तेव्हा मालनने ते मनावर घेतलं नव्हतं. पाठीतली कळ. सासरे अंगणात बसले तेव्हा आधी पाठच धरली होती.

ती बाहेर आली. यापूर्वी नवऱ्याच्या तोंडी न बोललेले शब्द तिने कधी घातले नव्हते. पण आता नाइलाज होता, आणि शिवाय तिला ते नवऱ्याच्या आवाजात आपोआप ऐकूही येत होते.

“जाऊ दे, भावजी,” ती चपला घालत म्हणाली. “हे पण तसंच म्हणत होते. म्हणाले, नंद्याला कशाला सांगतेस? असली दुखणी थोरल्याला होतात. नंद्या पहिल्यापासून फुसका. त्याला कसला एवढा मोठा फुगा येतोय?”

नंदकुमारांची मान हळूहळू वर आली.

“फुसका म्हणाला?”

“तसं वाईट मनाने नाही...”

“दादाचा किती म्हणालीस?”

“पाच पॉइंट सात.”

“प्रांजल!” नंदकुमार उठले आणि कणकेचे हात टॉवेलला पुसले. “कुठे ते सेंटर?”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कांदिवलीच्या घराची बेल वाजली. दार सहदेवांनीच उघडलं. समोर इंदुमती. डोळे लाल, हातात सोनोग्राफीचा मोठा लिफाफा.

“ताई...” एवढंच ती म्हणाली, आणि आतल्या मालनच्या गळ्यात जाऊन पडली.

सहदेवांना काही कळेना. अकरा वर्षांत ही बाई या घरात आली नव्हती. पण स्वयंपाकघर कुठे आहे हे तिला बरोबर माहीत होतं. मालनने तिला पाणी दिलं. हुंदक्यातच इंदुमती म्हणाली, “ताई, तू म्हणालीस तसंच झालं. बाजारात मी तुला सांगत नव्हते का, ह्याची पाठ...”

“बाजारात?” सहदेव म्हणाले.

इंदुमतीने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“कुठल्या बाजारात?”

मालनने एकदा इंदुमतीकडे पाहिलं, आणि लपवण्यात आता काही अर्थ उरला नाही हे ओळखलं. “मासळी बाजारात. दर आठवड्याला भेटतो आम्ही. आणि तुम्ही ज्याचं कौतुक करता ना, ते लोणचं हिचं आहे. आता त्या लिफाफ्याकडे बघा.”

सहदेवांच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतके रंग येऊन गेले, की मालनला बीपीचं यंत्र आठवलं. त्यांनी लिफाफा घेतला, रिपोर्ट काढला, चष्मा लावला. काल-परवापर्यंत त्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं. आता आकडा कुठे असतो ते पाठ झालं होतं.

“सहा पॉइंट आठ,” त्यांनी वाचलं.

“मशीन बिघडलेला असतला,” सहदेव म्हणाले. मग पुन्हा वाचलं. रिपोर्ट उजेडात धरला. “ह्यो माझ्यापेक्षा मोठो कसो? मी थोरलो.”

“दादा, काय करू आता?” इंदुमतीने विचारलं. “घरात बसलाय. एक शब्द बोलत नाही. सोनोग्राफीवाले म्हणाले, आजच्या आज दाखवा. तर म्हणतो, आधी बारी होऊ दे, मग बघू.”

सहदेव धप्पकन खाटेवर बसले. मालनला वाटलं, आता ओरडणार. पण ते ओरडले नाहीत. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “बाबा पण असंच म्हणाले होते. दुपारी पाठ दुखत होती तेव्हा. म्हणाले, आधी शेणखत ओढून घेऊ, मग पडतो.”

आणि मग एकदम उठले. “पखवाज काढून घे त्याच्याकडून! ताबडतोब. मांडी घालायची नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. काय करतोय तो आत्ता? जिना चढत असेल! सुशांतला फोन लाव. रिक्षा नको, खड्डे आहेत. टॅक्सी. आणि त्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून.”

डॉक्टर गंधालींना फोनही त्यांनीच केला. मालन शेजारी बसून ऐकत होती.

“डॉक्टर, माझी बुधवारची तारीख आहे ती माझ्या भावाला द्या,” सहदेव म्हणाले. आपण केवढा त्याग करतोय हे त्यांना स्वतःलाच जाणवत होतं. “मी थांबेन. माझं काय व्हायचं ते होवो.”

पलीकडून डॉक्टरांचा मोकळा आवाज आला, “छान झालं, काका. भाऊंच्या मुलीने रिपोर्ट पाठवलाय, मी तुम्हाला तेच विचारायला फोन करणार होते. भाऊंना आजच दाखल करून घेऊ या. तुमचं पुढच्या आठवड्यात करू.”

सहदेवांनी फोन ठेवला. एवढा मोठा त्याग इतक्या पटकन मंजूर व्हावा, याचं त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

“मला भाऊ नाही, असं म्हणत होतात ना?” मालनने विचारलं.

“तू बोलू नको,” सहदेव म्हणाले. “लोणचंवाली.”

*

नंदकुमारांच्या धमनीची ठेवण वाकडी निघाली. त्यांना अस्तराचं चालणार नव्हतं. पोट उघडूनच कापडाची नळी शिवायची होती.

“मी येणार नाही,” बुधवारी सकाळी सहदेवांनी सांगितलं. “मी त्याचा कोण?” मालन आंघोळ करून बाहेर आली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून दाराशी उभे होते आणि उशीर होतोय म्हणून सुशांतवर चिडत होते.

हॉस्पिटलात ते कुणाशेजारी बसले नाहीत. ऑपरेशनच्या दाराबाहेर सगळ्यात टोकाची खुर्ची धरली. दार उघडलं की सगळ्यांत आधी तेच उठायचे. एकदा ढकलगाडी बाहेर आली, एकदा फरशी पुसणारी बाई, एकदा कुणा भलत्याचेच नातेवाईक शोधणारा माणूस. तिन्ही वेळा सहदेव उभे. प्रांजलने चहा आणून दिला, तेव्हा तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “रक्त लागलं तर? आमचा गट एकच आहे. सांग त्यांना.”

“काका, तुम्ही स्वतःच पेशंट आहात. तुमचं घेणार नाहीत.”

“विचारायला काय जातं?” ते म्हणाले. प्रांजल खरंच विचारून आली. घेणार नव्हते. त्यावरही त्यांनी तोंड वाकडं केलं, जसं काही त्यांचं रक्त नापास केलं होतं.

दुपार कलली. इंदुमती मालनचा हात धरून बसली होती, आणि तो हात बधिर झाला तरी मालनने काढून घेतला नाही. मध्येच इंदुमती म्हणाली, “ताई, मी त्याला सोनोग्राफीच्या आदल्याच दिवशी पिठाचा डबा उचलायला लावला.” मालन म्हणाली, “गप. मी ह्यांना गादी उलटायला लावली होती.” बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं. सहदेवांनी खिशातून काहीतरी काढून तोंडाकडे नेलं. मालनने तिकडे डोळे वटारले, तर ती बडीशेप होती.

शेवटी डॉक्टर गंधाली आल्या. डोक्यावरची टोपी काढता काढता म्हणाल्या, “झालं. व्यवस्थित झालं. आजची रात्र नीट गेली की सुटलो.”

इंदुमती रडायला लागली. प्रांजल रडायला लागली. सुशांतने मोबाइल काढला, पण डोळे त्याचेही भरले होते. सहदेव डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना बरंच काही बोलायचं असावं.

“शिवण पक्की आहे ना?”

“एकदम पक्की, काका.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ तिथून हलले नाहीत. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. हॉस्पिटलाची मागची भिंत होती.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकेकालाच सोडत होते. इंदुमतीची पाळी आली. नर्सने तिच्या गळ्यात पास घातला. दारापर्यंत जाऊन ती थांबली, मागे वळली, पास काढून सहदेवांच्या हातात दिला.

“दादा, तुम्ही जा.”

“मी कशाला? तू बायको.”

“मला रोज बघायचाय तो. जा.”

सहदेव मालनकडे बघायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात असे ते तिच्याकडे क्वचित बघत. शाळेच्या पहिल्या दिवशी सुशांत बघायचा तसे. मालनने नुसती मान हलवली.

दाराला काच होती. मालन तिला नाक लावून उभी राहिली. आतलं काही ऐकू येत नव्हतं. नंदकुमार नळ्यांच्या गुंत्यात पडले होते, चेहरा सुकलेला, पण डोळे उघडे. सहदेव पलंगाशी जाऊन उभे राहिले, हात पुढे बांधून, एखाद्या साहेबासमोर अर्ज घेऊन उभं राहावं तसे. कुणी काही बोलेना. आता हे तसेच बाहेर येणार, असं तिला वाटायला लागलं.

मग सहदेवांनी हात सोडले आणि भावाच्या पायावरची सरकलेली चादर ओढून नीट केली. नंदकुमारांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही म्हणून सहदेव वाकले. ऐकलं. आणि एकदम ताठ झाले. त्यांचा हात हवेत गेला. नंदकुमारांचं चिमटा लावलेलं बोट वर उठलं आणि भावाच्या दिशेने हललं. सहदेवांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. वरच्या यंत्रातल्या रेघा उड्या मारायला लागल्या, कुठेतरी टीं टीं सुरू झालं, नर्स धावत आली आणि तिने सहदेवांना दंडाला धरून सरळ बाहेर आणून सोडलं.

“हे पेशंटचे कोण?” तिने विचारलं.

“भाऊ,” सहदेव रागाने म्हणाले. “सख्खा!”

“काय झालां?” मालनने विचारलं.

“काय होणार? हरामखोर. म्हणतो, तुझी तारीख मला का दिलीस, मी काय भीक मागितली होती? प्रांजलने सांगितलं असणार. म्हटलं, घेतलीस ना? मग गप पड. तर काय म्हणतो? म्हणतो, तुझं ते ऑपरेशनच नाही. मांडीतून नळी घालतात त्याला कुणी ऑपरेशन म्हणत नाही, पोट उघडून दाखव मग बोल. आणि वर म्हणतो, फुसका कोण ते बघ आता! मी कधी म्हटलं ह्याला फुसका?”

मालनने पदर सारखा केला.

“उठू दे एकदा,” सहदेव म्हणाले. “उठू दे त्याला. बघतो.” आणि तणतणत कँटीनच्या जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आले. “त्याला ओठ ओले करायला पाणी द्या म्हणावं. तोंड कोरडं पडलंय.” मग खरोखरच गेले.

मालन बाकावर बसली. इंदुमती घाबरीघुबरी होऊन जवळ आली.

“ताई, काय झालं आत? नर्स का ओरडली?”

“भांडले,” मालन म्हणाली.

“भांडले?”

“चांगले भांडले. हाताला धरून बाहेर काढलं ह्यांना.”

इंदुमतीने तोंडावर पदर दाबला आणि ती मालनच्या शेजारी बसली. तिचे खांदे हलायला लागले. मालनने तिच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, आणि पाहते तर ही हसत होती. मग मालनला आवरेना. त्या पहिल्या दिवसापासून कोरडे ठेवलेले डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि तरी ती हसतच होती.

आयसीयूचं दार उघडलं. मघाचीच नर्स. “मावशी, हळू! आत पेशंट आहेत.”

“हो हो,” दोघी म्हणाल्या, आणि एकमेकींकडे न बघण्याची शिकस्त करत राहिल्या.